बेटावरची पहिली रात्र

रात्रपाळीला अर्नेस्टीनबाई जाग्याच असतात.
अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या डोळ्यांना अक्षरं लागत नाहीत,
म्हणून मी वाचते.
खिडकीबाहेर मिसिसिपी; कोळशाचे पडाव ढकलत
एखादी बोट जाते, तिचा दिवा
छतावरून सरकत भिंतीत शिरतो.

पुस्तक जुनंच. शाळेत सगळ्यांनी वाचलेलं,
म्हणजे कुणीच नीट न वाचलेलं.
एक द्वाड कार्टं, अनवाणी,
पाद्र्याच्या टोपीत बेडूक ठेवतं,
मध्यरात्री चर्चची घंटा बडवून गाव उठवतं.
बाईंनी कवळी काढून ठेवलीय,
हसू थेट हिरड्यांवरून घरंगळतं.

मग ते प्रकरण येतं.
पोरगं कुणाचीतरी होडी सोडतं,
नदीतल्या बेटावर तीन रात्री राहतं.
सापडतं तेव्हा शेरीफ त्याचा कान पिळतो, अगदी हलकेच,
आणि खिशातलं सफरचंद देतो.
गाव म्हणतं, पोराच्या जातीनं असंच असावं.

बाई हसत नाहीत.

"आमच्या ल्युशसनंही सोडली होती," त्या म्हणतात,
उद्या थंडी आहे म्हणावं तशा.
"सत्तेचाळीस साली. बारा वर्षांचा होता.
होडी हिरवी, धान्यवाल्या क्रूगरची.
एकच रात्र. सकाळी आपणहून आणून बांधली,
तळातलं पाणीसुद्धा उपसलं.
गोऱ्याची होडी. दोन वर्षं सुधारगृहात.
परत आला तो शीळ घालायचं विसरून."

मी पानात बोट घालून बसते.
माझ्या भावानं, वेंडलनं, सोळाव्या वर्षी
पोस्टमास्तरची मोटार नदीत घातली होती.
दर नाताळात आम्ही ती गोष्ट सांगतो.
सगळ्यात मोठ्यानं हसतो तो पोस्टमास्तरच.

लेखक खोटं बोललाय असं नाही.
नदी हीच, चिखल हाच,
भाजलेल्या कणसाचा वासही खरा.
फक्त खोडी हा शब्द
कुणाच्या पोराला लावायचा
हे पहिलं पान लिहायच्या आधीच ठरलं होतं,
आणि मला, इतकी वर्षं, ते दिसलंही नव्हतं.

पुस्तक मिटायला जाते
तर बाई मनगट धरतात. बोटं गार, पकड घट्ट.
"मिटू नकोस गं.
मागे जा. पहिल्या रात्रीचं वाच,
शेकोटी विझते, त्याला भीती वाटते,
तरी तो घरी जात नाही, तिथलं.
आणि शेरीफ यायच्या आधी थांब."

मी सहा पानं मागे जाते.