चुंबकी पापण्या

गोंद नको आता. मिलुश्काच्या लग्नात
पापण्या सुजून टोमॅटो झाल्या होत्या.
अख्ख्या ओस्त्रावाला वाटलं,
झ्देंका भाचीसाठी रडतेय.
रडले नव्हते. जेवण बरं होतं.

या नव्या तऱ्हेत आधी काळी रेघ ओढायची,
तिच्यात म्हणे लोखंडाची भुकटी.
मग पापणी नुसती जवळ न्यायची,
टच्.
आपणहून बसते. भलत्याच जागी.
डावी निघाली भुवईच्या वाटेला,
उजवी चिमट्यालाच बिलगली, सुटेना.
चिमटा मात्र काय देखणा दिसला!

तिसऱ्या खेपेला जमलं.
आरशात कुणी बाई. जरा आगाऊच.

रात्री काढल्या, ठेवल्या
हाताशी आला त्या डब्यावर, यारोमीरच्या:
त्याचे वॉशर, स्क्रू, लेथचा कीस.
चार वर्षांत उघडलेला नाही.

सकाळी बघते तर
झाकणावरची पोलादी धूळ
केसाकेसाला लागलेली, चमकत.
तोही असाच यायचा दुसऱ्या पाळीहून,
पापण्यांवर कारखाना घेऊन.

फुंकर मारली. जाईना.
"आधी तोंड धू," म्हणाले
सवयीनं.