ढब्बूची शिकवणी

तासाला पासष्ट पौंड.
मी मनातल्या मनात रुपये केले
(सत्तावीस वर्षं झाली इथे, खोड जात नाही)
आणि कुंदाला म्हणालो,
एवढ्यात माझी पॉलिटेक्निकची तीन वर्षं निघाली होती.
ती काही बोलली नाही.
प्लास्टरमधला हात फक्त
टेबलावर जरा पुढे सरकवला.

हॅलिफॅक्समध्ये सपाट रस्ता म्हणजे अफवा.
डिसेंबरात, बर्फ धरलेल्या उतारावर
ढब्बूला मांजर दिसलं,
आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुंदा होती.

पोस्टमनने तर आधीच हात टेकले होते.
दाराच्या फटीतून आलेलं प्रत्येक पत्र
ढब्बू शत्रूचं समजून फाडायचा,
एकदा पत्रामागची बोटंही थोडक्यात वाचली.
मग छापील कार्ड: कुत्र्यामुळे आपलं टपाल बंद.
दर शनिवारी डेपोत रांग लावायची,
ओळखपत्र दाखवून स्वतःचीच पत्रं सोडवायची,
गहाण टाकलेल्या डागांसारखी.

मी कॉस्ट अकाउंटंट. बिस्किटांच्या कारखान्यात
चिमूटभर मिठाचा भाव तीन दशांश स्थळांपर्यंत काढतो.
लॉरेन सग्डनला विचारलं,
सहा तास एकदम घेतले तर काही कमी?
तिने उजवा हात पुढे केला.
करंगळीला टोकाचं पेर नव्हतं.
"हे डॉनकास्टरला गेलं," म्हणाली,
"आणि अंगठ्यावरचा व्रण वेकफिल्डचा.
तासाचे पैसे कोण मागतंय?"
आणि आमच्याच चहात तिसरा चमचा साखर घातली.

पहिला तासभर तिने ढब्बूकडे पाहिलंच नाही.
माझ्या मनगटाकडे पाहत राहिली.
लॉरी आली, पबमधून चारपाच जण हसत बाहेर पडले,
की मी दोरी किती आवळतो, ते.
"हे तो वाचतो," म्हणाली.
सत्तावीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.
कुंदाच्यासुद्धा.

दुसऱ्या तासाला भाषेचं निघालं.
मी सांगायचो इंग्रजीत, कुंदा मराठीत,
रागावलो की मीही मराठीत.
"एक काय ते ठरवा," लॉरेन म्हणाली, "बिचारा गोंधळतो."
'बस' ठरलं.
ती यॉर्कशरच्या जिभेने 'बुस' म्हणायची,
तरी तो बसायचा.
आता कुंदा फोनवर बहिणीला "बस झालं गं" म्हणाली
की ढब्बू बसतो.
थांब्यावर मी "बस आली" म्हटलं की बसतो,
आणि बस निघून जाते.
पाहुण्यांनी "बस, बस" म्हणत ताटावर हात आडवा धरला
तर पोळी वाढणारी मी विसरते, म्हणते कुंदा,
त्याच्याकडेच बघत राहते.

वहीत मी दोन रकाने आखले होते.
डावीकडचा भरला.
पाचव्या तासाला तर ढब्बूने लॉरेनचा हातमोजा खाल्ला,
तेही लिहिलंय, मोज्याचे बारा पौंड.
उजवीकडे एकच ओळ:
तेवीस फेब्रुवारी, कुंदा एकटी त्याला घेऊन
उतार उतरली, दूध घेऊन आली.
पुढे आकडा घालायचा राहिलाय.

काल सकाळी फाटक वाजलं.
पोस्टमन नवा असेल, किंवा तोच, धीर करून.
ढब्बू दाराशी. मानेवरचे केस उभे,
छातीत मोटार चालू.
मी मनगट सैल सोडलं,
हातात दोरी नव्हती तरी,
आणि हळू म्हणालो, बस.
फट उघडली. चार बोटं. एक पांढरं पाकीट.
थरथरत होता,
पण बसला.

पाकिटात लॉरेनचं शेवटचं बिल.
सत्त्याहत्तर, मोज्यासकट.
रुपये केले. केलेच.
मग चेकबुक शोधायला माडीवर गेलो,
सापडलं, सही केली, खाली आलो,
ढब्बू अजून तिथेच, दाराकडे तोंड करून, बसलेला.
ऊठ म्हणायचं
आम्ही त्याला शिकवलंच नव्हतं.