टोकाशी वाळलेला रंग

हर्णैला हवा कोरडी नसते.
कॉम्प्रेसर तीच गिळतो, तीच मला परत देतो,
आणि नळीच्या पोटात तिचं पाणी होतं.
पहिल्याच फवाऱ्याला एअरब्रश थुंकला:
पापलेटाच्या रुपेरी पोटावर तीन थेंब,
देवीच्या व्रणांसारखे.

टाकीखालची चावी सैल केली.
गंजकं पाणी खोकत खोकत वाळूत गेलं.
हमीदचाचा म्हणायचे, दापोलीच्या गॅरेजात,
आधी हवा वाळव,
मग रंगाला बोल लाव.

रंग दुधासारखा हवा, हेही त्यांचंच.
ताक नको, साय तर नकोच.
पेल्याच्या भिंतीवरून घसरला
की मागे पातळ पडदा राहावा
आणि तोही सावकाश उतरावा.
डब्यावरची कातडी मोडायची नाही, अख्खी उचलायची.
मोडली तर तिचे कण डोळ्याला दिसत नाहीत,
नोझलला दिसतात.
मी बायकोच्या जुन्या ओढणीतून गाळतो, दोन पदरी.
त्या ओढणीवर आता चौदा होड्यांचे रंग आहेत.

नारळी पौर्णिमेला नऊ दिवस.
धुरपदा पावसे वाळूत उकिडवी बसलेली,
सुवर्णदुर्गाकडे पाठ, नजर माझ्या हातावर.
मासा झाला. खवले झाले. डोळा झाला.
"आता नाव," मी म्हटलं.
"त्यांचं लिव."
"त्यांचं म्हणजे?"

ती पदराचं टोक चावत राहिली.
नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, काविळीनं.
लग्नातला एक उखाणा सोडला
तर एकतीस वर्षांच्या संसारात
ते नाव तिनं तोंडातून काढलं नव्हतं.

तेवढ्यात सुईच्या टोकाशी रंग वाळला.
हात थांबला की होतंच.
ट्रिगर दाबला, नुसती हवा.
सुई मागे ओढली, पुसली,
पेल्यात थिनरचे चार थेंब,
नोझलवर बोट ठेवून हवा उलटी सोडली.
बुडबुडे उठले, टपरीवरच्या चहासारखे.

"रामाचा भाऊ," ती म्हणाली.
मी लक्ष्मणाचा ल काढायला हात उचलला.
"तो नव्हं. धाकटा."
भरत?
"आनी धाकटा."
शेजारच्या होडीच्या सावलीत
जाळं शिवता शिवता तांडेल हसला.
त्याला नाव ठाऊक होतं. सांगत नव्हता.

आता अडचण माझी.
शत्रुघ्न लिहू की शत्रुघन?
पुस्तकात घ अर्धा होऊन न ला चिकटलेला असतो.
रेशनकार्डावर, ती म्हणाली, कायतरी तिसरंच हाय.
"घरात काय म्हणायचे? तसं लिहितो."

पुन्हा गप्प.
पुन्हा टोकाशी रंग.
या वेळी सुई आणखी हळू काढली;
घाई केली की टोक वाकतं,
आणि असली सुई दापोलीला मिळत नाही,
पुण्याहून मागवायची म्हणजे पौर्णिमा गेली.
पुसलं. भिजवलं. पुन्हा बसवलं.
ती बघत होती.
रंग अडला की मी त्याला ओरडत नाही,
हे तिनं बघितलं असावं.
नसेलही.

बंदरावरचा लिलावाचा गलका ओसरला.
ती उठली, गुडघ्यावरची वाळू झाडली,
माझ्याकडे न येता होडीकडे गेली,
नाळेवर जिथे रंग सुकला होता तिथे तळवा ठेवला.
"शत्रुगन," म्हणाली.
घ नाही. जोडाक्षर नाही.
मग पुन्हा एकदा, मोठ्यानं,
तांडेलाकडे बघत,
टोपलीचा भाव बोलावा तसं.

तांडेलाची सुई जाळ्यातच राहिली.

मी आधी स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर फवारून पाहिलं.
निळा. थेंब नाही,
आरशावरच्या वाफेसारखा बसला.
मग श.