डेड स्टॉक

खानापुरात, कौलांच्या भट्टीमागं
भरमाच्या बापाचा चिखल तीन आठवडे मुरतो,
ओल्या गोणपाटाखाली, कुणी न हलवता.
आंबूस वास सुटला की म्हणतात, जीव आला.
मग तो चाकावर फाटत नाही.

भरमा बारावीला, शेवटच्या बाकावर.
"बाई, जीव कुठनं येऊलाय वो त्यात?"
जीव जीवापासूनच, मी म्हटलं.
हवेतनं, हातावरनं, गोणपाटातनं.
"आणि सगळ्यात पहिला?"
घंटा झाली.
घंटेनं मला बऱ्याचदा वाचवलंय.

दुसऱ्या दिवशी तो डबाभर चिखल घेऊन आला.
दोन बाटल्या भरल्या.
एक कापसाच्या बोळ्याखाली, तशीच.
दुसरी माझ्या घरच्या कुकरात, वीस शिट्ट्या,
तोंडावर मेण.
पहिली नवव्या दिवशी भपकारली.
दुसरी जून ते नोव्हेंबर गप्प.

"निस्ता चिखलच की वो,"
भरमा म्हणाला, नापास झालेल्या भावाबद्दल
बोलावं तसं.

मी म्हटलं, चिखलाचे थर पत्त्यांच्या कॅटासारखे,
मधल्या फटीत रेणू अडकतात,
शेजार लागतो, एक दुसऱ्याचा साचा होतो,
असं काही जण मानतात. दाखवलं कुणी नाही अजून.
आपली बाटली पाव लिटरची, भरमा,
आणि सहामाही तोंडावर.
त्या वेळी बाटली समुद्राएवढी होती,
परीक्षा नव्हती.

"तरी एक दिवस असणारच की.
आदल्या रात्री चिखल, सकाळी जीव."

नंदगडच्या बसमध्ये एकदा मी
कान देऊन बसले होते:
मराठी नेमकी कुठं थांबते,
कन्नड कुठं लागते.
एका बाईनं तिकीट कन्नडमध्ये मागितलं,
त्याच श्वासात लेकराला मराठीत दटावलं
आणि "अक्का, सरक गे" म्हणत
माझ्या मांडीला मांडी लावली.
हद्दीचा दगड शेतात सापडतो.
तिच्या तोंडात मला सापडला नाही.
हे भरमाला सांगितलं असतं,
तर तो म्हणाला असता, हे उत्तर नव्हे, बाई.
बरोबरच म्हणाला असता.

मार्चमध्ये तपासणी.
साहेबांनी मेणाची बाटली उजेडाकडं धरली.
"ही कुठल्या रजिस्टरात?"
रजिस्टरं दोनच. एक संपणाऱ्या वस्तूंचं,
दुसरं डेड स्टॉक.
डेड स्टॉक, मी म्हटलं, आणि त्यांच्यासमोरच लिहिलं:
अनुक्रमांक एकशे बारा. चिखल. बाटली एक.

पेन्सिलीनं.