दाभोळी, हँगरच्या मागे

माझ्या उड्डाणाचे तास एकशे बारा,
त्याचे सहा हजार चारशे.
लॉगबुकात तीन मालकांची अक्षरं,
चौथ्याला पान कोरं.

मेस्त फुर्तुनात पंखाखाली आडवा,
नखानं रिव्हेट खरवडतो.
"खारं वारं. रंगावर जाऊ नका, बाब."

दोन इंजिनं म्हणजे
दुप्पट भरवसा ना, मी विचारतो.

तो हात पुसतो. बराच वेळ पुसत राहतो.
"एक बंद पडलं की
विमान मेलेल्याच्याच बाजूला वळतं.
जितं असतं तेच ढकलतं तिकडे.
आपण पाय रेटून धरायचा.
धावपट्टी दिसेपर्यंत."

त्याच्या खिशावर काळं बटण,
मे महिन्यापासूनचं.

चेकबुक खिशातच राहतं.
उभ्या उभ्या मी डावा पाय
जमिनीवर रेटून बघतो.