रकाना

काउंटी कचेरीच्या तळघरात त्याची वही आहे,
पुठ्ठ्याला अजून कापराचा वास.
‘मिसेस टॉलेफ्सन. जुळं, दुसरं पायाळू. एक कोंबडी, बाकी उधार.’
‘ऑडुनचा पोरगा. घटसर्प. काही घेतलं नाही.’

डॉक्टर येप्पे राव्नहोल्ट, मूळचा श्लेस्विगचा.
विस्कॉन्सिनच्या बर्फात घोडा रुतला
की त्याच्याशी डॅनिशमध्ये बोलायचा;
इंग्रजीतल्या शिव्या अजून जिभेवर बसल्या नव्हत्या.

मग लढाई. टेनेसीतलं एक चर्च,
बाकं जोडून केलेलं टेबल,
क्लोरोफॉर्म संपलेला, करवत बोथट.
खिडकीखाली पडणारे हातपाय मोजायला
एक ढोलवाला पोरगा बसवला होता.
एकेचाळीसपर्यंत मोजून तो थांबला.
पुढचे आकडे त्याला येत नसावेत, असं डॉक्टर लिहितो.
मला नाही तसं वाटत.

त्याच आठवड्यात आईचं पत्र:
गाव आता प्रशियाचं.
विहीर तीच आहे, शाळेतली भाषा बदलली.
पत्राच्या पाठकोऱ्या बाजूला
त्याने क्विनाइनची मागणी लिहिलीय.
कागदाची टंचाई होती.

परतल्यावर लोकांनी त्याला आमदार केला.
मॅडिसनला दोन हिवाळे बसला.
रेल्वेवाले आले, सिगारी आल्या, जमिनींचे नकाशे आले,
आणि हा आपलं एकच घोडं दामटत राहिला:
मेलेल्या प्रत्येकाचा कागद झाला पाहिजे.
नाव. वय. कशाने गेला. जन्म कुठला.
‘मेलेल्याला त्याचा काय उपयोग?’ कुणीतरी विचारलं.
त्याच्या उच्चारावर आधीच हशा पिकला होता.
तो म्हणाला, ‘मी अशी माणसं पुरली आहेत
ज्यांचा फक्त पाय माझ्या ओळखीचा होता.’

त्या हिवाळ्यात विधेयक पडलं.
पुढच्या हिवाळ्यात तरलं, सात मतांनी.

तो गेला मार्चमध्ये, छाती भरून,
कुणाच्या तरी बाळंतपणाहून परतताना भिजला होता.
त्याचाही कागद झाला; तोही इथेच आहे.
नाव: एका अक्षराने चुकलेलं.
जन्म कुठला: ‘जर्मनी’, खोडलेलं.
‘डेन्मार्क’, तेही खोडलेलं,
टाकाने कागद फाटेपर्यंत.
खाली उरलेल्या बोटभर जागेत,
बायकोचं असावं, बारीक, तिरकं अक्षर:
‘विहिरीपाशी.’

वर शिक्का बसलाय.
म्हणजे चाललं असावं.