शेवटचं ऐकलं

माझगावात, सातव्या मजल्याच्या वर,
पाण्याच्या टाकीला तारेनं बांधलेला बांबू,
बांबूवर माझी अँटेना.
सेक्रेटरी गाला म्हणतात, हिच्यामुळे वीज पडेल.
अकरा वर्षं पडली नाही,
अकरा वर्षं म्हणतायत.

रात्रीचे दोन. रेडिओ घसा खरवडतो,
अर्धा सेकंद, जसा कुणी वाळूवरून पत्रा ओढावा,
आणि नकाशावर होडी उमटते.
अठरा अंश, सत्तेचाळीस मिनिटं उत्तर.
वेग दोन नॉट. दिशा वायव्य.
रात्री दहाला धरमतरहून निघालेली, गेटवेला यायची.

होडीत दिनयार आहे. त्याच्या मांडीवर
जेवणाच्या डब्यात बसवलेला ट्रॅकर,
झाकणाला सेलोटेप.
डबा दर दोन मिनिटांनी आकाशाला विचारतो, मी कुठाय,
आणि जे कळेल ते मला ओरडून सांगतो.

पण शाल्मली होडीत नाही.
होडीला हात लागला की संपलं, असा नियमच आहे.
ती डाव्या अंगाला, काळ्या पाण्यात,
काखेत ग्रीस फासून,
टोपीला हिरवी चमकणारी कांडी खोवून.
ठिपका होडीचा.
माझी मुलगी ठिपक्याच्या शेजारी कुठेतरी,
किती शेजारी, ते यंत्राला ठाऊक नाही.

पोर्ट ट्रस्टच्या सिग्नल स्टेशनात
मी एकतीस वर्षं जहाजं टिपली,
कुठलं नांगरावर, कुठलं पायलटसाठी खोळंबलेलं.
आत कोण आहे, ते कधी विचारलं नव्हतं.

तीन दहा. तीन बारा.
तीन चौदाला काही नाही.
द्रोणागिरी मध्ये आला असणार.
नकाशा होडी पुसत नाही, नुसती फिकी करतो
आणि खाली लिहितो:
शेवटचं ऐकलं, सोळा मिनिटांपूर्वी.
मग सतरा.
मी स्क्वेल्च उघडला, म्हटलं
निदान खरखर तरी असू दे सोबतीला.

तीन एकेचाळीस. घसा खरवडला.
वेग अर्धा. दिशा आग्नेय.
आग्नेय म्हणजे मागे.
मनातल्या मनात मी तिला वर ओढून घेतली,
टॉवेल गुंडाळला,
"पुढच्या वर्षी बघू" म्हणूनसुद्धा झालं.
तेवढ्यात पुढच्या पॅकेटच्या शेपटीला एक ओळ,
रोमन अक्षरांत दिनयारचं मराठी:
भरती लागला. पोरगी तरी हात मारते.

ठिपका मागे सरकत होता
आणि ती पुढे पोहत होती.
दोन्ही खरं.
पडद्यावर मावत होतं एकच.

दुपारी बारा वीसला होडी गेटवेला लागली.
नकाशात ती पायऱ्या चढून थेट चौकात उभी,
दहा-वीस मीटर इकडेतिकडे चालायचंच.
टॅक्सीनं पोचलो, तर शाल्मली चादरीत,
ओठ निळे, केळं खात,
माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवली.

दिनयारनं डबा उघडून दाखवला.
आत बोटभर पडदा, पडद्यावर एकच चिन्ह, घराचं:
माझंच स्टेशन.
दर दहा मिनिटांनी तेही ओरडत असतं,
मी विसरून गेलो होतो.
जागचं न हललेल्याची बातमी कोण ऐकतं?

"पाणी प्यायला थांबली का विचारायची,
बाबा हलले का?
मी सांगायचा, नाय."

"आणि डोंगराआड? तिथं तर तुला काही ऐकू आलं नसणार."

त्यानं सेलोटेप पुन्हा चिकटवली.
"तवा पन नायच सांगितला."